बोर्डावर रत्नाच्या शेजारी

९ जानेवारी, शुक्रवार

डेअरीनं फुकट दिलेली डायरी कोरी पडून होती. तहसील कचेरीत छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी केल्या, आता स्वतःच्या करून बघतो. कारणही तसं आहे. रत्ना, म्हणजे आमची मंडळी, एकतीस तारखेला निवृत्त होतेय. वाडीच्या अंगणवाडीत चौतीस वर्षं सेविका. गावानं तिचा सत्कार करायचं ठरवलं आहे. खरं म्हणजे मी ठरवलं आणि गावानं मान हलवली.

सत्काराचा फ्लेक्स बोर्ड मी घरच्या कॉम्प्युटरवर करणार. कॉम्प्युटर आदेशचा जुना. पोरानं पुण्यात नवा घेतला तेव्हा हा आमच्याकडं पाठवून दिला, कारण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जुन्या गोष्टींना जागा नसते. आम्हालाही नसते, पण आम्हाला अजून पाठवून द्यायची वेळ आली नाही, आम्ही आधीपासूनच इथं आहोत. फोटोचं सॉफ्टवेअर मी व्हिडिओ बघून तीन महिन्यांत शिकलो. ओतूरला बोर्ड छापणारा नौशाद म्हणाला, "भाऊसाहेब, मी करून देतो की, एका तासाचं काम." त्याला छापता येतं, पण कोणाचं तोंड वर आणि कोणाचं खाली हे कुठं कळतं? ज्यानं प्रांतसाहेबांच्या बैठकीच्या खुर्च्या मांडल्यात, त्याचं काम आहे ते.

रत्नाला विचारलं, बोर्डाबद्दल तुझी काही अपेक्षा? ती मोबाइलवर पोषण आहाराची माहिती भरत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या शेजारी झुंबरबाईंचा फोटो पाहिजे. बाकी तुमाला कोण लावायचे ते लावा."

झुंबरबाई ही तिची मदतनीस. खिचडी शिजवणं, पोरं घरोघर जाऊन गोळा करणं, त्यांची नाकं पुसणं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. तेव्हा सत्कार वगैरे काही झाला नाही, मदतनिसांचा करत नाहीत. मी म्हटलं, बघू.

"बघू न्हाई. त्या नसतील तर मी एकटी स्टेजवर चढणार नाय."

चेष्टा करत असावी.

१२ जानेवारी, सोमवार

आराखडा तयार. मध्यभागी रत्ना, तिच्या शेजारी एक रिकामी जागा, वर मान्यवर पाच, खाली शुभेच्छुक तीन आणि उजव्या कोपऱ्यात मी, निमंत्रक म्हणून, आदेशच्या लग्नातल्या कोटात. कोट शोभून दिसतो.

या सॉफ्टवेअरची रचना मला फार आवडली. प्रत्येक फोटो वेगळ्या थरावर बसतो, त्याला लेयर म्हणतात. प्रत्येक लेयरपुढं एक डोळा असतो. डोळा मिटला की माणूस बोर्डावर दिसत नाही, पण फाईलमध्ये राहतो. ज्यानं हे शोधलं त्यानं आमच्या कचेरीत काढली असावीत काही वर्षं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळाच्या निमित्तानं गेणभाऊ येऊन गेला. गेणभाऊ म्हणजे आमच्या गटातला उगवता नेता. दहा वर्षं उगवतोय. त्यानं स्वतःचे पाच फोटो दिले. हात जोडलेला, फोन कानाला लावलेला, गॉगलमधला, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरचा आणि एक नुसताच दूरवर बघणारा. "कुठला घ्यायचा तो तुमी ठरवा राव," म्हणाला आणि पाठोपाठ त्याच्या अकरा कार्यकर्त्यांचे आले. सगळे लावले. गेणभाऊचे पाचही ठेवलेत, एकाचा डोळा उघडा, चारांचे मिटलेले. उद्या त्याचं मन बदललं तर धावपळ नको.

सगळ्यात शेवटी झुंबरबाईचा फोटो घेतला, कारण प्रोटोकॉलप्रमाणे ती शेवटी येते. रत्नानंच मोबाइलवर काढलेला, पदर तोंडाला लावून हसतेय. तो बोर्डावर ओढला आणि पडद्यावर आलं, प्रोग्राम प्रतिसाद देत नाही. मग सगळं बंद. दुपारभराचं काम गेलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दोनदा. मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. तिन्ही वेळा मान्यवर नीट बसले आणि झुंबरबाई आली की पडदा पांढरा.

विजेचा दाब कमी असावा असं वाटून स्टॅबिलायझर आणला. विहिरीवरच्या मोटारी चालू झाल्या की आमच्या वाडीत बल्बसुद्धा विचार करून पेटतो.

१९ जानेवारी, सोमवार

तोंडं चाळीस झाली. रत्नाचा भाऊ मंचरहून फोन करून म्हणाला, "दाजी, आमी काय परके का?" बहिणीच्या नोकरीला हाच सर्वांत जास्त आडवा आला होता. "आमच्यातल्या बाया लोकांच्या पोरांचं नाक पुसायला जात न्हाईत," असं म्हणाला होता. आता त्याला दुसऱ्या ओळीत जागा हवी. दिली. नातं आहे.

दुपारी विरोधी गटाचे सहा जण आले. त्यांचीही तोंडं लावली. गेणभाऊला कळल्यावर त्याच्या गटातले चौघं रुसले, "आमचं काढा." मी डोळे मिटले, त्यांचे. काढलं मात्र नाही. निवडणुका आज लागतील, उद्या लागतील. रुसलेला माणूस कायमचा काढून टाकायचा नसतो, हे मी नोकरीत शिकलो. चौघांपैकी दोघं संध्याकाळी परत आले, नवे फोटो घेऊन. जुने फोटोही राहू दिलेत.

झुंबरबाई आली. सॉफ्टवेअर बंद.

आता माझी खात्री झाली. दोष तिच्या फोटोत आहे.

२० जानेवारी, मंगळवार

रत्नाला समजावून सांगितलं. म्हटलं, त्या फोटोत व्हायरस असणार, तुझा मोबाइल दिवसभर पोरांच्या हातात असतो. तिनं दुसरा फोटो दिला. तोही आला आणि सगळं बंद पडलं. तिनं तिसरा दिला. तेच.

मग ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आमच्या अॅपात सहा वर्षांची झालेली पोरं काढली न्हाईत तर ते बी असंच अडकून बसतं. तुमी किती माणसं भरलीत त्यात?"

मी म्हटलं, मोबाइल वेगळा आणि कॉम्प्युटर वेगळा. तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. ती काही बोलली नाही. बरेचदा पटल्यावर ती बोलत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

अँटिव्हायरस घातला. त्यानं तीन तास तपासून एकही व्हायरस सापडला नाही म्हणून सांगितलं. त्याचं तरी ऐकायचं किती?

कॉम्प्युटरचं मागचं झाकण उघडून हवा मारली. आतून इतकी धूळ निघाली की रत्नानं दुसऱ्यांदा घर झाडलं. मेजाचं तोंड बदलून पूर्वेला केलं, भागूच्या सांगण्यावरून. भागू हा माझा कचेरीतला जुना शिपाई, त्याला वास्तूतलं कळतं. त्यानं सल्ला दिला आणि स्वतःचा फोटोही दिला. लावला.

तोंडं बावन्न. झुंबरबाईची जागा अजून रिकामी.

२५ जानेवारी, रविवार

शेवटी नौशादला घरी बोलावलं. चहासुद्धा न घेता तो बसला आणि लेयरची यादी खाली खाली सरकवत राहिला. बराच वेळ यादी संपेना. मग हसायला लागला.

"भाऊसाहेब, बोर्डावर छप्पन्न माणसं दिसतात. आत एकशे अठ्ठ्याऐंशी आहेत. ही बाकीची कोण?"

"ही मिटलेली. काही रुसलेत, काहींचे जुने फोटो आहेत, काही येतील असं वाटतं."

"मग डिलीट करा की."

"अरे, माणसं डिलीट करत नाहीत."

"दिसली नाय तरी कॉम्प्युटरला उचलावी लागतात ना सगळी! आणि फोटो तरी बघा, मोबाइलमधनं आले तसे टाकलेत. गेणभाऊंचा एक फोटो एवढा मोठा आहे की त्यात चेहऱ्यावरचे व्रण मोजता येतील. ह्या बाईंचा सगळ्यात लहान आहे. वजन हिचं नाय, तुमच्या मान्यवरांचं आहे. ही शेवटी येते म्हणून हिच्यावर फुटतं."

मी विचारलं, मेमरी वाढवून मिळेल का? म्हणाला, "मिळंल, पण तुमी त्यात आणखी माणसं भराल." आणि हसत गेला.

पोरगं गुणी आहे. पण त्याला प्रशासनाचा अनुभव नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला सगळे भेटले. सात जणांनी विचारलं, "बोर्डावर आमी हाय ना?" रत्ना कशी आहे हे कोणी विचारलं नाही. तसं विचारण्यासारखं काही नव्हतंही, ती तिथंच पोरांना ओळीत उभं करत होती.

झुंबरबाई झेंड्यापासून लांब उभी होती. मला बघून पुढं आली आणि म्हणाली, "बाई सांगत व्हत्या, बोर्डावर माझा बी फोटू येणारे. मी नगं म्हनलं. लोकं हसतील. पर सुनंला सांगितलंय मी." आणि पदर तोंडाला लावून स्वतःच हसली.

मी म्हटलं, काम चालू आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

आज छापायला द्यायचा शेवटचा दिवस. सकाळी गेणभाऊ आला तो थेट पडद्यासमोर बसला. "बाईंच्या शेजारची जागा रिकामी दिसतीय राव."

सांगितलं, ती झुंबरबाईची आहे, फोटो बसत नाही.

"मग कशाला रिकामी ठेवता? बरं दिसत न्हाई. तात्पुरता माझा टाका, हात जोडलेला."

टाकला. आधीपासून फाईलमध्ये होताच, झटकन बसला. (मोठ्या फोटोवर नौशादचा राग का आहे कळत नाही.) मग झुंबरबाईला खाली, माझ्या कोटाजवळ घेऊन बघितलं. बंद पडलं. पुन्हा चालू करून पुन्हा घेतली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तिचा डोळा मिटला आणि फाईल सुखरूप साठवली गेली. पेनड्राइव्ह घेऊन ओतूरला गेलो.

नौशादनं छापायच्या आधी विचारलं, "बाईंनी सांगितलेल्या त्या मावशी कुठंयत?" म्हटलं, तांत्रिक कारण. तो म्हणाला, "पाच मिनिटं द्या, इथं टाकून देतो." मी घड्याळ बघितलं. त्यानं टाकली असती तर गेणभाऊला हलवावं लागलं असतं. मी म्हटलं, राहू दे, उशीर होतोय.

उशीर होत नव्हता. एवढं लिहून ठेवतो.

३० जानेवारी, शुक्रवार

रत्नाला सांगितलं नाही. ती आज पोरांचा शेवटचा हिशेब म्हणून वजनकाटा, उंचीची पट्टी, पातेली मोजून देत होती. घरी आली ती हाताला राख लागलेली. पातेली स्वतः घासून दिली म्हणे. म्हटलं, तुझं काम आहे का ते? म्हणाली, "झुंबरबाई गेल्यापास्नं दोन वर्षं माझंच हाय." मला हे माहीत नव्हतं.

३१ जानेवारी, शनिवार

सविस्तर लिहितो.

कार्यक्रम दुपारी तीनला ठेवला होता, कारण उसात बिबट्या फिरतोय आणि अंधार पडायच्या आत लोकांना घरी जायचं असतं. बोर्ड लई देखणा झाला. लोक जवळ जाऊन स्वतःला शोधत होते आणि सापडल्यावर बोटानं दाखवत होते. स्टेजवर तेवीस खुर्च्या, एक सोडून सगळ्या भरलेल्या. रत्नासाठी मधली राखून ठेवली होती.

ती आली आणि बोर्डासमोर उभी राहिली. डावीकडून सुरुवात केली, एकेक चेहरा बघत उजवीकडं गेली, मग खालची ओळ बघितली. माझ्या कोटापर्यंत आली आणि माझ्याकडं वळली.

"बंद पडत होतं," मी म्हटलं. "तिचा फोटो आला की बंद पडत होतं."

"ते पडनारच," ती म्हणाली.

आणि सतरंजीवर जाऊन झुंबरबाईच्या शेजारी बसली. भाषणं सुरू झाली. पाऊण तास मान्यवर तिच्याबद्दल बोलले, आणि त्यातल्या तिघांनी तिचं नाव चुकून रत्नमाला सांगितलं. ती खाली पोरांमध्ये. स्टेजवर मधली खुर्ची रिकामी.

सत्कारासाठी नाव पुकारलं. रत्ना उठली, झुंबरबाईचा हात धरला आणि तिला ओढत वर घेऊन आली. झुंबरबाई "नगं वो बाई, नगं," म्हणत होती, पण पाय चालत होते. गेणभाऊ तेव्हा माईकवर होता. रत्नानं मधल्या खुर्चीवर झुंबरबाईला बसवलं आणि शेजारच्या गेणभाऊच्या खुर्चीवर स्वतः बसली. गेणभाऊ परत आला, त्याला जागा नाही. तो कडेला जाऊन उभा राहिला, हात जोडलेल्या फोटोसारखाच, फक्त हात न जोडता.

रत्नानं झुंबरबाईचा हात सोडलाच नाही. सत्काराची शाल एका खांद्यावरून घसरत राहिली. बोलायला सांगितलं तर बसूनच, माईक दुसऱ्या हातात धरून म्हणाली, "चौतीस वर्षातली बत्तीस वर्षं कुलूप यांनी उघडलं. मी यायची तवा पोरं आलेली असायची आणि चूल पेटलेली असायची. माझं नाव झालं ते त्यांनी दार उघडल्यामुळं झालं. बस, एवढंच."

पोरांच्या आयांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. स्टेजवरचे एकमेकांकडं बघून मग वाजवायला लागले.

घरी येताना ती माझ्याशी बोलली नाही. या वेळी पटल्यामुळं गप्प होती असं मला वाटत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

गेणभाऊचा सकाळीच फोन. बातमी पेपरला द्यायची आहे, पण फोटोत तो कडेला उभा आणि मध्ये झुंबरबाई. "तिला तेवढं काढा राव, आणि मला मधे घ्या. तुमाला काय, दोन मिन्टांचं काम."

फोटो उघडला. आज फाईलमध्ये एकच फोटो, दुसरं काही नाही. सॉफ्टवेअर अगदी पळत होतं. (काहीच दुरुस्ती न करता कसं सुधारलं, नौशादला विचारायला हवं.) झुंबरबाईभोवती रेघ मारत आलो आणि हातापाशी थांबलो. रत्नाची बोटं तिच्या बोटांत गुंतलेली. झुंबरबाई काढली की रत्नाचा हात मनगटापासून जातो. बोटं राखावी तर झुंबरबाईची दोन बोटं रत्नाच्या मांडीवर उरतात. फोटो मोठा करून बघितला, कुठलं बोट कोणाचं तेच कळेना. दोघींच्याही नखांत राख.

दोन तास बसलो. मग फोटो पुन्हा लहान केला तेव्हा रत्नाचा चेहरा दिसला. ती हसतेय. असं हसताना घरात मी तिला कधी बघितलं ते आठवत बसलो, आणि आठवलं नाही. मला लाज वाटली. बोर्डाची नाही. मी झुंबरबाईची जागा एका माणसाला दिली आणि नाव कॉम्प्युटरचं घेतलं, त्याची.

गेणभाऊला फोन केला. सांगितलं, निघत नाही.

"निघत न्हाई म्हंजे?"

"बाईंचा हात जातो."

तो म्हणाला, "बरं, मग माझा लेण्याद्रीचा द्या."

३ फेब्रुवारी, मंगळवार

बातमी आली. 'अंगणवाडी सेविकेचा भव्य सत्कार.' वर गेणभाऊ, पायऱ्यांवर. रत्नाचं नाव चौथ्या ओळीत, रत्नमाला. रत्नानं वाचली आणि त्या पानावर पापड वाळत घातले.

दुपारी झुंबरबाई आली. रत्ना दळण आणायला गेलेली. दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर उंबऱ्यापाशी टेकली. म्हणाली, "भाऊसाहेब, त्यो स्टेजवरचा फोटू मला एक मिळंल का? सुनंला दावायचाय."

मी तिला आत बोलावून पडद्यासमोर बसवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग फोटोत त्यांच्यामागं लावलेल्या बोर्डाकडं बोट करून, अगदी संकोचानं म्हणाली, "ही मागची तोंडं काढता येत्यात का वो? लई गर्दी झालीय. आमी दोगी दिसंनाव त्यात."

मी ब्रश घेतला आणि पुसायला लागलो. वरच्या ओळीतले मान्यवर गेले. गेणभाऊ गेला. मेहुणा गेला, भागू गेला, विरोधी गट गेला. सतरा दिवसांत बसवलेली माणसं चार मिनिटांत गेली आणि सॉफ्टवेअर एकदाही बंद पडलं नाही. शेवटी झुंबरबाईच्या कोपरामागं एक जण उरला, कोटातला.

"ह्यो ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्ये तुमी हाय ना?"

मी म्हटलं, नको. पुसला, आणि दोन प्रती काढल्या.